दार नुसतं लोटून घे

मखमलाबाद, नाशिक
२२ जानेवारी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतोस, म्हणून लिहायला बसलो. डब्याबरोबर हे पत्र पाठवतोय. आधी पत्र वाच, मग डबा उघड.

एकच गोष्ट सांगायची ठरवली आहे. बाथरूमची कडी आतून लावत जाऊ नकोस. खोलीत तू एकटा असतोस, बघायला कोण येणार आहे? दार नुसतं लोटून घे. एवढं लिहून पाकीट बंद करणार होतो, पण मग तुला वाटेल की आबांचा राग अजून गेलेला नाही. राग नाही रे. त्या पहाटेपासून माझ्या हाताला तुझा दंड जाणवतोय.

किंक्रांतीच्या पहाटे तू माझ्याबरोबर द्राक्षांच्या खालच्या प्लॉटला आलास. गारठा असा की ड्रीपच्या नळीला हात लाववत नव्हता. मजूर यायच्या आत आपण दोघांनी चार ठिकाणी शेकोट्या केल्या, विहिरीचं पाणी सोडलं. तू उकिडवा बसून काटक्या सारत होतास. 'आबा, धूर ओळीत शिरतोय बघा' म्हणत उठलास आणि उठता उठता तुझे डोळे फिरले. मी दंड धरला नसता तर शेकोटीतच गेला असतास. दोन-तीन सेकंदांत सावरलास, हसलास, म्हणालास, 'काही नाही, एकदम उठलो ना.' पण दंड गार पडला होता आणि अशा थंडीत त्याला घाम आला होता.

मग घरी येऊन मी ओट्यावर, आईदेखत, जे बोललो ते बोलायला नको होतं. 'थेरं' हा शब्द तर नकोच होता. तू न जेवता निघालास. नाशकात द्वारका चौकात गाडीत चढताना पाया पडलास, पण वर बघितलं नाहीस. आईने बांधलेला डबा ओट्यावरच राहिला. तिने तो दोन दिवस कुणाला उघडू दिला नाही.

मंगळवारी माझी शुगर दाखवायला पंचवटीत गेलो होतो, तेव्हा डॉक्टरांना तुझं सगळं सांगितलं. १ डिसेंबरपासून भाकरी, भात, साखर, फळं बंद. सगळ्या जेवणात मिळून साखर-पिष्ट दिवसाला ३० ग्रॅमच्या आत, किटो म्हणतोस तो आहार. वजन ९४ चं ८७. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, 'तो बीपीची गोळी घेतो का?' मी हो म्हटलं. दिवाळीत सुरू झालेली टेल्मिसार्टन. ते म्हणाले, मग आधी हे समजून घ्या.

मला समजलं ते माझ्या शब्दांत लिहितो. आपण खातो त्या भाकरी-भातातली साखर शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं. त्या साठ्यातल्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भाकरी बंद केली की पहिल्या काही दिवसांत तो साठा संपतो आणि बांधलेलं पाणीही निघून जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात वजन असं झपाट्याने उतरतं. त्यात चरबी थोडी, पाणीच जास्त. शिवाय जेवणातली साखर घटली की इन्सुलिन खाली येतं, आणि इन्सुलिन खाली आलं की किडनी मीठ धरून ठेवत नाही, लघवीवाटे सोडून देते. डोकं दुखणं, चक्कर, गळून जाणं, रात्री पोटरीत गोळे येणं, चिडचिड, हे सगळं बहुतेक त्या मीठ-पाण्याच्या तुटीचं. त्याला किटो फ्लू म्हणतात म्हणे. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस सावरतो. तुला सात आठवडे होऊन गेले. म्हणजे तुझं नुसतं अंगवळणी पडायचं राहिलंय असं म्हणून चालणार नाही.

आणि गोळी. ती दिवाळीतल्या ९४ किलोच्या, मीठ-पाणी धरून असलेल्या शरीराला दिलेली. आता बीपी आपोआप उतरलं असेल, त्यावर गोळी आणखी उतरवतेय. बसल्याचं एकदम उठलास की मेंदूला रक्त पोचायला वेळ लागतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे ऐकत असताना मला संक्रांतीची दुपार आठवली. तू ताकात घालायला मीठ मागितलंस. मी म्हटलं, बीपीची गोळी खातोस आणि मीठ कसलं मागतोस? डबा उचलून फडताळात ठेवला. आईने तर तुझ्या काळजीने आमटीही अळणीच केली होती. तुझं शरीर मीठ मागत होतं आणि आम्ही दोघं मायेने ते काढून घेत होतो. दुसऱ्या दिवशी तू पडता पडता वाचलास आणि वर मीच ओरडलो. तेव्हापासून मला ताक जात नाही.

तर या आठवड्यात तिथल्या डॉक्टरांना दाखव. गोळी तुझ्या मनाने बंद करू नकोस, आणि आहे तशी चालूही ठेवू नकोस त्यांना विचारल्याशिवाय. मीठ किती घ्यायचं तेही त्यांनाच विचार. मी एकदा माझ्या मनाने काढून घेतलं, आता माझ्या मनाने वाढवायला सांगत नाही. आणखी एक. गोळे येतात म्हणून कुणी पोटॅशियमची पावडर किंवा ते कमी सोडियमवालं मीठ सुचवेल. त्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, आणि तुझी गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. दोन्ही मिळून ते फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. बागेला पोटॅश टाकायचं तर आपण देठ तपासून आणतो, तू तर माणूस आहेस. रक्त तपासल्याशिवाय नको.

डब्यात बीपीचं मशीन आहे. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं पडून राहा आणि मोज. मग उभा राहा, एका मिनिटाने मोज, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. मीटिंग आहे, रिलीज आहे, असलं काही सांगू नकोस. आकडे वहीत लिही. पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून बस, मग उठ. आणि कडी लावू नकोस.

पुन्हा लिहिलं. नव्हतं लिहायचं.

तात्यांच्या वेळी तू चौथीत होतास. तुला त्या दिवशी नानीने मागच्या दाराने मळ्यात पाठवलं होतं, म्हणून तू पाहिलं नाहीस. न्हाणीघराला आतून कडी होती. मी हाका मारल्या, पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, म्हणून वाटलं अंघोळ चाललीय. दहा मिनिटं मी त्या पाण्याच्या आवाजावर विसंबून उभा राहिलो. मग पहारीने दार उचकटलं. ती कडी अजून माझ्या खणात आहे, बिजागरीच्या स्क्रूसकट. का ठेवलीय ते मलाही सांगता येणार नाही.

म्हणून भोगीच्या सकाळी तू पंचवीस मिनिटं आत होतास तेव्हा मी बाहेर तीनदा हाक मारली आणि तू वैतागलास. तुला शौचाला त्रास होतोय हे आईने नंतर सांगितलं. अरे, नुसतं पनीर, अंडी आणि चीज खाल्ल्यावर दुसरं काय होणार? भोगीच्या भाजीतला घेवडा आणि वांगी तरी खायची होतीस, तू सगळीच वाटी परत केलीस. मेथी, पालक, शेपू, भेंडी, काकडी, कोबी यांत साखर फारशी नाही, चोथा मात्र भरपूर आहे. जवसाची चटणी पाठवलीय, तीळ घालून. रोज दोन चमचे खा. इसबगोल घेतलास तर भरपूर पाण्याबरोबरच घे, नाहीतर उलट जास्त अडकतं.

दुसरी एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. तू आलास त्या रात्री गाडीत माझ्या शेजारी बसलास, तेव्हा तुझ्या तोंडाला वास येत होता. पिकून आंबायला लागलेल्या द्राक्षांसारखा. मी बाग करतो, तो वास मला ओळखीचा. मला वाटलं, पोरगा प्यायला लागला. त्या रात्री मी झोपलो नाही, आणि सकाळी तू अंघोळीला गेलास तेव्हा तुझी बॅग उघडून पाहिली. आता कळलं की शरीर चरबी जाळायला लागलं की ॲसिटोन तयार होतं आणि ते श्वासातून बाहेर पडतं. नखांचा रंग पुसायच्या पाण्यात असतं तेच. तुझ्या मेहनतीचा वास होता तो, आणि मी दारूचा समजलो. मला माफ कर.

तू हे का करतोयस ते मला माहीत आहे. दिवाळीत तुझं एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी, ६.२ आलं आणि तू रिपोर्ट घडी करून खिशात ठेवलास, पण मी पाहिलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. शुगरमुळे तात्यांचं बोट कापलं तेव्हाही तू लहान होतास, तरी ते तू मनावर घेतलंस. मी घेतलं नाही. मला ४५ व्या वर्षी डॉक्टरांनी भात कमी करा सांगितलं, तर मी म्हटलं कष्टाच्या माणसाला काय होतंय. तू एकतिसाव्या वर्षी उठलास आणि ठरवलंस. बाजारात कुणी विचारलं की मी सांगतो, पोराने सात किलो उतरवले. तुझ्यासमोर मात्र मला ओरडायलाच सुचलं.

माझ्यासाठीही हेच सुरू कर असं तू आईला सांगितलंस. विचारलं मी डॉक्टरांना. माझ्या दोन गोळ्यांतली एक अशी की जेवण घटवलं आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर एकदम खाली जाते. दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन. ती चालू असताना भाकरी-भात अगदी तोडला तर शुगर फारशी वाढलेली दिसत नाही आणि आतल्या आत रक्तात आम्ल वाढू शकतं. उलट्या होतात, दम लागतो, दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून त्यांनी आधी माझी एक गोळी निम्मी केली आणि मग तीन भाकरींची दीड. आठवडाभराने पुन्हा बघू म्हणाले. हे तुझ्या ऑफिसातल्या त्या मित्रालाही सांग, वडिलांना परस्पर सुरू करून देऊ नको म्हणावं.

तूही असंच टप्प्याने केलं असतंस तर इतका त्रास झाला नसता असं मला वाटतं. बागेचं पाणी आपण एकदम तोडतो का? आणि तहानलेल्या बागेला एकदम सोडतो का? मणी तडकतात. तू तर एका रात्रीत चार भाकरींवरून शून्यावर आलास. दिवसाला अर्धी भाकरी राहिली तर काय बिघडेल, विचार डॉक्टरांना. अख्ख्या भाकरीत तीसेक ग्रॅम, हा तुझाच हिशोब. अर्धीत पंधरा. पण हे झालं माझं भाषण. तुला आकडे माझ्यापेक्षा जास्त कळतात, आणि शरीर तुझं आहे. आई म्हणते, तुमचं पत्र म्हणजे ग्रामसभा होते. ठीक आहे, इथे थांबतो.

नानी तुला चुलीजवळ बसवून बाजरीची भाकरी दुधात कुस्करून द्यायची. तू आधी पापुद्रा सोलून ताटाच्या कडेला ठेवायचास, शेवटी खायला. कुणी हात लावला तर रडायचास. एकदा ताईने खाल्ला तर तू तिला न बोलता पायरीवर बसून राहिला होतास, दिवे लागेपर्यंत. परवा तू ताटातली भाकरी आईकडे सरकवलीस, तेव्हा ती उठून आत गेली. तुला वाटलं ती रागावली. तिने आत जाऊन तो पापुद्रा खाल्ला, मी बघितलं.

थंडी अजून हटत नाही. रोज चारला उठून पाणी सोडतो. मणी आता नितळायला लागलेत, फेब्रुवारीच्या शेवटी माल निघेल. तेव्हा ये. द्राक्षं खाऊ नकोस हवं तर, कुणी आग्रह करणार नाही, मी आईला सांगून ठेवलंय. ओट्यावर मिठाचा डबाही उघडा असेल.

डब्यात मशीन आहे, चटणी आहे, भोपळ्याच्या बिया आणि बदाम आहेत, आणि तळाला फडक्यात गुंडाळलेला छोटा स्क्रू ड्रायव्हर आहे. तो कशासाठी ते तुला कळेल. चार स्क्रू असतील, पाच मिनिटांचं काम. खोलीची दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन ठेव.

पत्र मिळाल्यावर फोन कर. आईच्या फोनवर कर, मी शेजारीच बसलेला असेन.

तुझा,
आबा

ता. क. चटणीत मीठ आहे. आईने विचारलं, घालू का? मी म्हटलं, नेहमीसारखं घाल.