नातीच्या पहिल्या वर्षाबद्दल, आई-आप्पांना

धुळे

ती. आई आणि आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

नात जळगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली, होस्टेलला खोलीही मिळाली. आता पुढचं सगळं कॉलेजच बघून घेईल, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. पहिले दोन-अडीच महिने तिच्या कानावर घरून काय पडतं, खोलीत सोबत कोण आहे आणि कॉलेजात तिला नावानं ओळखणारं एक तरी मोठं माणूस आहे का, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आई, तुला वाचायला त्रास होईल, तेव्हा आप्पांकडून वाचून घे.

आधी फोनचं. रोज संध्याकाळी सातला फोन लावू नका, तीच अभ्यासाची वेळ असते. रात्री मेसचं जेवण झाल्यावर, नऊच्या सुमारास, दहा मिनिटं पुरेत. ‘कशी शे, जेवनी का?’ हे विचाराच, त्यानं पोरीला बरं वाटतं. पण त्यानंतर ‘मार्क किती पडले?’ नको. ‘आज कुठे अडलं? कोणाला विचारलंस?’ असं विचारा. आणि आप्पा, ‘आमची पोर पहिल्यापासून हुशारच’ हे तिच्यासमोर म्हणणं थांबवा. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. नंतर अवघड कोडी देऊन सगळ्यांनाच अपयश येऊ दिलं. हुशार म्हटलेली मुलं लवकर हात टेकत होती, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपले मार्क वाढवूनही सांगितले. आपल्या नातीनं घरी खोटे मार्क सांगावेत असं आपल्यापैकी कोणालाच वाटत नाही.

बारावीपर्यंत तिला सरांनी मराठीतून समजावलं, पुस्तक मात्र इंग्रजी होतं. आता लेक्चरही इंग्रजीत आहे. पहिल्या सत्रात मार्क घसरले तर ‘मोबाईलमुळे झालं’ असं लगेच धरून चालू नका. बहुतेक वेळा विषय कळलेला असतो, पण लिहिता येत नाही. त्याला उपाय म्हणजे रोज पुस्तकाची दोन पानं मोठ्यानं वाचायची आणि आठवड्यातून एक जुना प्रश्न घड्याळ लावून लिहायचा.

आता मैत्रिणी. या बाबतीत घरून सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून लिहिते. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञानं अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या मुलांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. तिथे खोलीतला जोडीदार चिठ्ठी काढावी तसा ठरला होता, त्यामुळे कोणाचा कोणावर परिणाम झाला हे नीट पाहता आलं. जोडीदारामुळे मार्क हलले, कुठल्या गटात मुलगा मिसळतो तेही हललं. पण मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर जोडीदाराचा परिणाम दिसला नाही. म्हणजे खोलीतली मुलगी तिला केमिस्ट्री घ्यायला लावणार नाही, पण दिवा किती वाजता मालवायचा, सकाळी लायब्ररीत जायचं की दहापर्यंत झोपायचं, हे तिच्यामुळे ठरेल. म्हणून होस्टेलला पहिल्यांदा भेटायला जाल तेव्हा गादी आणि पंख्यापेक्षा खोलीतल्या मुलींशी पाच मिनिटं बोला. कोणत्या वर्गात आहेत, किती वाजता उठतात, एवढं कळलं तरी पुरे.

पण ‘त्या हुशार पोरीशी मैत्री कर’ असं सांगून काही होत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत मुद्दाम कच्च्या आणि पक्क्या विद्यार्थ्यांना एकत्र ठेवून पाहिलं. ते आपापसात वेगळे गट करून बसले आणि कच्च्या मुलांचं उलट नुकसान झालं. मैत्री सांगून होत नाही, कामातून होते. प्रॅक्टिकलची बॅच, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, लायब्ररीतली ठरलेली जागा, हीच ती ठिकाणं. आपल्या पारोळा-अमळनेरकडच्या तिघी-चौघी मिळून अहिराणीत बोलतात, तो तिचा आधार आहे, तो तोडू नका. फक्त प्रॅक्टिकलला जोडीदार दुसऱ्या तालुक्यातली असली तर बरं.

अभ्यासाचा गट करायचा तर तिघी-चौघींचा, आठवड्यातून दोनदा, दीड तासाचा. प्रत्येकीनं वही मिटून एक मुद्दा इतरांना समजावायचा. सहाव्या-सातव्या मुली आल्या की गप्पा सुरू होतात. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर दुसरीच्या नोट्स मागणं म्हणजे गट नव्हे.

तृतीय वर्षापर्यंतच्या सीनियर मुलींशी ओळख हवी. जुन्या प्रश्नपत्रिका, जर्नल कधीपर्यंत सही करून घ्यायचं, कोणत्या सरांना कोणत्या वेळी भेटायचं, हे त्यांनाच ठाऊक असतं. पण सीनियरचं जर्नल आणून उतरवलं तर प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत एका प्रश्नात उघडं पडतं.

आप्पा, तुम्ही साने गुरुजींचं नाव घेता. १९२४ ते १९३० ते आपल्या अमळनेरला शिकवत होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. मुलांसाठी ते हातानं लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. मुलं कुठे अडतात हे त्यांना कळायचं, कारण ते मुलांमध्येच राहत. आता नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, पाहणीमुळे कॉलेजात प्रत्येक मुलामागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमलेला असतो, पण बऱ्याच ठिकाणी ते फॉर्मवर सही करण्यापुरतंच उरतं. त्यात जीव मुलांनाच ओतावा लागतो. तिनं पहिल्या तीन आठवड्यांत नोटीस बोर्डावर त्या शिक्षकांचं नाव शोधावं आणि एकच नेमका प्रश्न घेऊन भेटावं. ‘सर, मार्गदर्शन करा’ म्हटलं तर पाच मिनिटं उपदेश मिळतो. ‘सर, या प्रकरणातली ही पायरी कळली नाही’ म्हटलं तर सर खडू घेतात. पंधरा दिवसांनी परत जाऊन काय केलं ते सांगायचं. या दुसऱ्या भेटीनंतरच शिक्षक नाव लक्षात ठेवतात. आणि तुम्ही त्या सरांना जाऊन ‘आमच्या पोरीवर लक्ष ठेवा’ असं सांगू नका. सर तुम्हाला खबर देतात हे तिला कळलं की ती त्यांच्याशी बोलणं सोडेल.

घरी बोलावण्याचं. श्रावणात कानबाईच्या सणाला यायलाच हवं, रोट तिच्याशिवाय कसे होतील? शनिवारी संध्याकाळी येऊ दे, सोमवारी विसर्जन झालं की परत पाठवा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, खर्चाची काळजी नको. पण कापूस वेचणीचे दिवस आणि पहिल्या सत्राची परीक्षा जवळपास येतात, तशीच आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई आणि दुसऱ्या सत्राची. ‘दोनच दिवस ये, मजूर मिळत नाहीत’ असं म्हटलं की चार दिवस जातात आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली येते. हळदीला तिची गैरहजेरी चालेल, प्रॅक्टिकलला नाही.

स्थळांची बोलणी डिग्री होईपर्यंत घरात काढूच नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. ‘एवढं वर्ष होऊ दे, मग बघू’ हे तुम्ही सहज म्हणता. ती मात्र दिवस मोजायला लागते, आणि दिवस मोजणाऱ्या पोरीचं पुस्तकात मन लागत नाही.

एखादा विषय राहिला तर एटीकेटी असते, वर्ष वाया जात नाही. मार्क अनपेक्षित वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवायची आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. मुदत थोडीच असते, म्हणून निकालाच्या दिवशी घरात रडारड नको. ती जेवणं टाळते, फोनवर ‘हो-नाही’ एवढंच बोलते असं आठवडाभर वाटलं तर मला कळवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, मोफत नंबर आहे. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. दोन्ही तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगितले आहेत.

आणि आप्पा, तुमचं काम. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. तिचं गावातलं खातं जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पासबुक या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं, नाहीतर अर्ज अडकतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतूत रांगा लागतात. महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरच्या अर्जाचं पुढच्या वर्षी काय करायचं, ते दरवर्षी कॉलेजात विचारायला हवं.

आई, शेंगदाण्याची चटणी आणि बिबडे पाठवशील तेव्हा डबा मोठा भर. खोलीत तिघी आहेत.

तुमची लेक