लस बिघडली तर कोण सांगणार?

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता. लसीकरणाचा तक्ता चार वेळा पाठ केला आणि पाचव्या वेळी सगळं एकमेकांत मिसळलं, म्हणालीस. सहा आठवडे कशाला, नऊ महिने कशाला, कुठल्या दोन लसींत अंतर सोडायचं, कुठली गोठली तर फेकायची. वर तुझ्या मैत्रिणीच्या ताईचा प्रश्न: बाळाचा दुसरा डोस आजारपणात राहिला, आता सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का, आणि मुळात हे सुरक्षित असतं का? तेव्हा मी ‘लिहून पाठवते’ एवढंच म्हटलं. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

तक्ता पाठ करू नकोस. लस कशाची बनली आहे तेवढं पक्कं धर. बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

गोवर, रुबेला, गालगुंड, कांजिण्या, पीतज्वर, क्षयरोगाची बीसीजी, जुलाबाच्या रोटाव्हायरसची आणि तोंडावाटे द्यायचा पोलिओ, या जिवंत लसी. आतला जंतू दुबळा केलेला, पण जिवंत. तो शरीरात थोडा वाढतो आणि म्हणूनच शरीर त्याची दखल घेतं. आता यावरून पुढचं लाव. जिवंत आहे म्हणजे उष्णतेने मरणार. तोंडावाटेचा पोलिओ तर यात सगळ्यात नाजूक. वाढायला वेळ लागतो म्हणजे तापही उशिरा येणार. गोवराच्या लसीचा ताप त्याच रात्री येत नाही, साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो. डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचा, ताप मात्र एक-दोन दिवसांतच येऊन जातो. उद्या एखादी आई गोवराची लस दिली त्याच संध्याकाळी तापलेलं बाळ घेऊन आली, तर तू लसीला दोष देऊन मोकळी होऊ नकोस, तापाचं दुसरं कारण शोधायला लाग. ज्याची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे त्याला आणि गरोदर बाईला जिवंत लस द्यायची नाही, हेही त्या वाढण्यामुळेच. आणि टोचायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मधे चार आठवडे जाऊ द्यायचे, कारण पहिलीने जागं केलेलं शरीर दुसरीला नीट वाढू देत नाही.

नऊ महिन्यांचं कोडंही इथेच सुटतं. आईच्या अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, नाळेतून बाळात येतात आणि काही महिने रक्तात टिकतात. बाळाला त्या राखतात, पण गोवराची लसही त्याच मारून टाकतात. नऊ महिन्यांना लस दिली तर साधारण ८५ टक्के बाळांत ती लागू पडते, बारा महिन्यांना दिली तर ९५ टक्क्यांच्या आसपास. मग सगळीकडे बारा महिन्यांनाच का देत नाहीत? जिथे गोवर फिरतो आहे तिथे त्या तीन महिन्यांत मुलं आजारी पडतात, म्हणून तिथे नऊ. जिथे धोका कमी तिथे बारा. वेळापत्रक म्हणजे दोन भीतींमधला तोल आहे, मुक्ता, आणि प्रत्येक देश तो आपल्या रोगांकडे बघून साधतो. गोवराच्या दुसऱ्या डोसला बूस्टर म्हणू नकोस. पहिल्या वेळी ज्यांच्यात लस लागू पडली नाही त्यांच्यासाठी ती दुसरी संधी आहे. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या माणसांत सोडला तर, १२ ते १८ जणांना रोग देतो. म्हणून ९५ टक्के मुलांपर्यंत लस पोचवण्याचा आग्रह, आणि तो कमी करून चालत नाही.

दुसरी मोठी जात मेलेल्या जंतूंची किंवा जंतूच्या तुकड्यांची. टोचायचा पोलिओ, रेबीज. घटसर्प आणि धनुर्वाताचं टॉक्सॉइड, म्हणजे विषारीपणा काढून घेतलेलं विष. यकृताच्या हिपॅटायटिस बीची लस, जिचं प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. यात काही वाढत नाही, म्हणून एका डोसवर सहसा भागत नाही. दोन-तीन डोस, मधे बहुतेकदा किमान चार आठवडे, आणि काहींना पुढे बूस्टर. घाईने अंतर कमी केलंस तर डोस वाया जातो. अंतर लांबलं तर मात्र फारसं बिघडत नाही, त्याकडे शेवटी येते.

हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत का, हे तू विचारलं नाहीस, पण परीक्षक विचारेल. बाळंतपणात आईकडून विषाणू मिळालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास आयुष्यभराचे रुग्ण होतात. मोठ्या माणसात हेच प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आहे. त्या पहिल्या दिवसाची किंमत एवढी मोठी आहे.

मेंदूज्वर आणणारे काही जंतू साखरेचं कवच घालून फिरतात: न्यूमोकोकस, हिब, मेनिंगोकोकस. नुसती ती साखर टोचली तर दोन वर्षांखालच्या मुलाचं शरीर तिला ओळखतच नाही, आणि ओळखलं तरी लक्षात ठेवत नाही. तीच साखर एखाद्या प्रथिनाला, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, जोडून दिली की टी-पेशी, म्हणजे आठवण तयार करायला मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशी, कामाला लागतात आणि आठवण राहते. त्यांना कॉन्ज्युगेट लसी म्हणतात. मला विचारशील तर गेल्या पन्नास वर्षांतली ही सगळ्यात देखणी युक्ती. कोविडमधल्या एमआरएनए लसींचं नाव जास्त झालं, आणि त्यामागच्या संशोधनासाठी कारिको व वाइसमन यांना २०२३चं नोबेल मिळालं ते योग्यच, पण या साखरेच्या जोडणीने किती मेंदूज्वर टळले याची कोणी फारशी आठवण काढत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

मेलेल्या जंतूंच्या आणि तुकड्यांच्या बऱ्याच लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. लसीचा अंश त्याच्या बारीक कणांना चिकटून राहतो आणि शरीर त्याकडे जास्त लक्ष देतं. ही लस एकदा गोठली की ते कण एकमेकांना धरून गोळे होतात. पुन्हा वितळवलं तरी ते सुटत नाहीत. कुपी पहिल्यासारखीच दिसते, लेबल तेच, तारीख तीच. पण आतली ताकद गेलेली असते. सगळेजण उष्णतेला घाबरतात, आणि लस मरते ती फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून हे झालं. तापमानाच्या वहीत मी सकाळ-संध्याकाळ ‘४ अंश’ लिहीत होते आणि ते खरंही होतं. २ ते ८च्या मधे, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. पण उन्हाळ्यात कोणीतरी थर्मोस्टॅट फिरवून गारवा वाढवला होता आणि रात्री, दार उघडत नसताना, आतलं तापमान शून्याखाली जात होतं. रात्रीचं वाचन घेणारं कुणी नव्हतं. एका सकाळी मागची हिपॅटायटिस बीची कुपी काढली, तर काचेवर बर्फाची पापडी होती.

लस गोठून गेली आहे का हे हलवून ओळखायची शेक टेस्ट मी केली. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून, वितळवून घेतली. एका हातात ती, दुसऱ्या हातात संशयातली. दोन्ही दहा-पंधरा सेकंद हलवल्या आणि टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. चांगली लस दुधाळ, एकसारखी राहते आणि सावकाश खाली बसते. गोठलेलीत कण उतरताना दिसतात, वर स्वच्छ पाण्याचा थर येतो आणि तळाशी जाड साका. मी मान खाली घालून बघत होते. दोन्हींचा साका बरोबरीनेच बसला.

त्या आठवड्यात त्याच कप्प्यातल्या कुपी वापरल्या गेल्या होत्या. रजिस्टर काढून एकेक नाव शोधलं आणि सगळ्यांना परत बोलावलं. एक आई बाळाला खांद्यावर घेऊन आली, मी सगळं सांगेपर्यंत काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, “तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं?” मी म्हणाले, “नाही, कधीच कळलं नसतं.” तिने बाळाची मांडी पुढे केली.

तापाची गोळी निकामी निघाली तर ताप उतरत नाही, रोगी परत येतो, भांडतो. निकामी लस घेतलेलं बाळ हसत-खेळत घरी जातं. तक्रार यायला वीस वर्षं लागतात, आणि तेव्हा त्या यकृताचा संबंध तुझ्या फ्रिजशी कोणीही लावत नाही. म्हणून वहीत आकडा लिहिताना तो खरा लिही. आइस पॅक फ्रीझरमधून काढून थेट लसींना टेकवू नकोस, हलवल्यावर आत पाणी खळखळू दे, मगच भर. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी खूण, बघ: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका काळा झाला की ती कुपी गेली. पण व्हीव्हीएम फक्त उष्णता सांगतो, गोठलेलं सांगत नाही, हे विसरू नकोस. आणि लसीच्या फ्रिजमध्ये दुसरं औषध ठेवू नकोस. २०१४ साली सीरियात गोवराच्या लसीच्या भुकटीत ती विरघळवायच्या पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं ॲट्राक्युरियम मिसळलं गेलं आणि किमान १५ लहान मुलं दगावली. लस निर्दोष होती. पाणी मिसळलेली गोवराची लस सहा तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, फेकायची, तेही याच काळजीने, कारण तिच्यात जंतू वाढू न देणारं काही नसतं.

लस जपून नेण्याची ही धडपड जुनी आहे. १८०३ साली फ्रान्सिस्को बाल्मिस देवीची लस घेऊन स्पेनहून अमेरिका खंडाकडे निघाले तेव्हा बर्फाच्या पेट्या नव्हत्या. जहाजावर २२ अनाथ मुलं घेतली आणि एकाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातून पुढच्या दोघांना टोचत, अशी ती लस समुद्रापार जिवंत नेली. मुलांना सांभाळायला इसाबेल सेन्दाल होती, आणि त्या २२ जणांत तिचा स्वतःचा मुलगाही होता. मला ती बाई फार जवळची वाटते. १९८०मध्ये जगातून देवी संपल्याचं जाहीर झालं, पण त्या मुलांची आठवण त्यात कुठे निघाली असेल असं वाटत नाही.

सुरक्षिततेबद्दल विचारणाऱ्याला ‘काही होत नाही’ असं कधीही सांगू नकोस. होतं. दंड दुखतो, ताप येतो, आणि साधारण दहा लाख डोसमागे एखाद्याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, होतो. म्हणून लस दिल्यावर किमान पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवायचं, मांडीच्या स्नायूत द्यायचं, वाट न बघता. साधी सर्दी, हलका ताप, चालू असलेलं अँटिबायोटिक या कारणांनी मात्र कोणाला परत पाठवू नकोस. परत पाठवलेली बरीच बाळं पुन्हा येत नाहीत.

आणि काही वावगं दिसलं तर कळव, क्षुल्लक वाटलं तरी. १९९८मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आतड्यात आतडं अडकल्याचे १५ अहवाल आले, लगेच ती थांबवली आणि काही महिन्यांत बाजारातून काढली. धोका साधारण दहा हजारांत एकाला होता. नंतरच्या दोन लसी प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर तपासूनच बाहेर आल्या. कुठल्यातरी १५ फॉर्मवर कोणीतरी वेळ काढून लिहिलं, म्हणून हे झालं. याउलट १९९८चाच वेकफिल्डचा लेख, बारा मुलांवरचा, एमएमआरचा, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लसीचा, संबंध ऑटिझमशी जोडणारा. २०१०मध्ये तो नियतकालिकाने मागे घेतला, त्यांचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा मागोवा घेतला, २०१९ला निष्कर्ष आला: संबंध नाही. तरी एखाद्या आईने विचारलं तर हे आकडे तिच्या तोंडावर फेकू नकोस. ऑटिझमची लक्षणं पहिल्यांदा लक्षात येतात तेच वय या लसीचं असतं, म्हणून तिला तसं वाटतं. तिचं आधी पूर्ण ऐकून घे.

राहिला ताईच्या बाळाचा प्रश्न. पहिल्यापासून सुरू करायचं नाही. घेतलेला डोस शरीराने लक्षात ठेवलेला असतो, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं, पुढचे डोस किमान अंतर पाळून पुरे करायचे. फक्त रोटाव्हायरससारख्या लसीला काही वेळापत्रकांत वयाची मर्यादा असते, म्हणून कार्ड बघितल्याशिवाय तारीख सांगू नकोस. त्यांना आजच फोन कर, कार्डाचा फोटो मागव, बाळाचं नेमकं वय विचार आणि मला पाठव. आपण दोघी मिळून बघू, आणि मग त्यांना बाळाच्या डॉक्टरांकडे पाठव.

तुझी,
आई