उंच इमारतींमागची नावेही छापावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परळ-वरळीच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरांच्या बातम्यांत बिल्डरचे नाव, मजल्यांची संख्या आणि फ्लॅटचा भाव हमखास असतो. आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदाचे आणि सांगाड्याचे गणित मांडणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनीअरचे नाव मात्र क्वचितच वाचायला मिळते. आर्किटेक्चर शिकवण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माझ्यासारख्याला याची खंत वाटते, कारण या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या मुलांना त्यामुळे त्याचे खरे स्वरूप कळत नाही.

बुर्ज खलिफाचे वास्तुविशारद एड्रियन स्मिथ १९६७ मध्ये शिकागोच्या एसओएम (स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल) या वास्तुरचना-अभियांत्रिकी संस्थेत दाखल झाले. त्यांनीच आराखडा केलेला शांघायचा ८८ मजली जिन माओ टॉवर पूर्ण झाला १९९९ मध्ये, आणि ८२८ मीटर उंचीचा बुर्ज २०१० मध्ये खुला झाला तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती. बुर्जच्या तीन पाकळ्या मधल्या षट्कोनी गाभ्याला आधार देतात आणि वर जाताना वेगवेगळ्या उंचीवर आखूड होत जातात. दर टप्प्याला आकार बदलत असल्यामुळे वाऱ्याचे भोवरे एका लयीत तयार होऊन इमारतीला हेलकावे देऊ शकत नाहीत. हे एकट्या वास्तुविशारदाचे काम नव्हे. इंजिनीअर बिल बेकर यांचा त्यात बरोबरीचा वाटा आहे. त्याच संस्थेत त्याआधी, मूळचे पूर्व बंगालचे इंजिनीअर फजलूर रहमान खान आणि वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहॅम यांच्या जोडीने नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधावी तसा शिकागोचा सिअर्स टॉवर (आताचा विलिस टॉवर) उभा केला होता.

मुंबईपुरते बोलायचे, तर खंबाला हिलवरची वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही निवासी इमारत (१९८३) मला आजही सर्वाधिक मोलाची वाटते. समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही तिकडचीच. म्हणून कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचा विचार उचलला, कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या दिल्या आणि खोल्या आत घेतल्या. जेमतेम ८४ मीटरच्या इमारतीतले हे भान आजच्या काचेच्या दर्शनी भिंतींत मला दिसत नाही.

पाच वर्षांची पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींची सुरुवातीची कित्येक वर्षे जिने, लिफ्टचे शाफ्ट, डक्ट (पाइप-वायरींचे उभे मार्ग) आणि रेफ्युज मजले (आगीच्या वेळी आसरा घेण्यासाठी मोकळे ठेवलेले) यांची ड्रॉइंग्ज करण्यात जातात. त्यात कमीपणा मुळीच नाही. आग लागली तर साठाव्या मजल्यावरची माणसे त्याच जिन्याने उतरणार असतात. पण हे त्यांना आधी कोणी सांगत नाही.

म्हणून विनंती, की आपल्या दैनिकाने टॉवरच्या प्रत्येक बातमीत वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर यांची नावे देण्याचा पायंडा पाडावा, आणि बारावीच्या निकालानंतरच्या करिअरविषयक पानांवर कनिष्ठ वास्तुविशारदाच्या रोजच्या कामाचीही सविस्तर माहिती द्यावी.

– आर्किटेक्चरचे एक निवृत्त प्राध्यापक, दादर, मुंबई