गाडी दुरुस्तीची माहिती मराठीत द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी वाईत राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अकरा वर्षं झाली, रोज सकाळी पसरणी घाट चढते आणि संध्याकाळी उतरते. गाडी मारुती ८००, २००७ सालची, वडिलांनी घेतलेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिचा क्लच (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा-तोडणारा भाग) मी आणि माझ्या भाच्याने आमच्या अंगणात बदलला. त्या अडीच दिवसांत जे अनुभवलं त्यावरून एक मागणी करायची आहे, म्हणून हे पत्र.

सुट्टीच्या दिवसांत महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांनी घाट तुंबतो. चढावर फूटभर पुढे, पुन्हा थांब, असं तासभर चालतं. अशा वेळी हँडब्रेक न ओढता गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, तोलून धरली की क्लचची प्लेट नुसती घासली जाते. माझंही तेच झालं. आधी वळणावर इंजिन ओरडायचं, वेग मात्र वाढायचा नाही. मग जळका वास येऊ लागला. भाच्याने केबलची मोकळी चाल तपासली, ती बरोबर होती. मग सपाटीला हँडब्रेक ओढून चौथा गिअर टाकला आणि थोडी रेस देत पेडल हळूहळू सोडलं. क्लच धड असता तर इंजिन तिथेच बंद पडलं असतं. ते फिरत राहिलं.

मला धक्का बसला, कारण दोनच वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये मी ‘पूर्ण क्लच सेट’चे पैसे मोजले होते.

भाचा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून सातारला एका गॅरेजमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, “मावशी, या वेळी आपणच उघडू. निदान आत काय आहे ते तुला डोळ्यांनी दिसेल.” मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपचा गिअरबॉक्स लांब शाफ्ट सोडला की मागे ओढता येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आमच्या गाडीत इंजिन आडवं, त्याला चिकटून गिअरबॉक्स, आणि त्यातूनच दोन्ही चाकांचे एक्सल निघतात. क्लच या दोहोंच्या मधोमध. लहानशा ताटलीएवढ्या प्लेटसाठी गाडीचा पुढचा भाग खालून जवळजवळ मोकळा करावा लागतो.

अंगणातली फरशी सपाट आहे, म्हणूनच मी तयार झाले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. दोन भक्कम लोखंडी घोड्या भाच्याने गॅरेजमधून मागून आणल्या, मागच्या चाकांना दगड लावले, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग घमेल्यात गिअर ऑइल काढून घेतलं. हे आधी केलं नाही तर एक्सल निघताक्षणी सगळं तेल फरशीवर येतं. (ते जुनं तेल गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे. आम्ही कॅनमध्ये भरून गॅरेजच्या साठ्यात दिलं.) क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, स्टार्टर, खालच्या गिअरच्या दांड्या, एकेक सुटत गेलं आणि प्रत्येकाचे बोल्ट मी वेगळ्या वाटीत, चिठ्ठी लावून ठेवले. इंजिनाच्या तळाशी लाकडाची फळी देऊन जॅकचा आधार दिला, मगच माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा जोड) सोडलं. टॉमी (लोखंडी दांडा) लावून एक्सलचं आतलं टोक सोडवताना ऑइल सील फाटू नये याची धास्ती होती. गिअरबॉक्स दोघांनी मिळून पोत्यावर उतरवला तेव्हा दिवस मावळला होता.

दुसऱ्या दिवशी प्रेशर प्लेटचे, म्हणजे क्लचच्या मधल्या प्लेटला दाबून धरणाऱ्या तबकडीचे, सहा बोल्ट काढले. मधल्या प्लेटचं घर्षणाचं अस्तर झिजून रिव्हेटच्या डोक्यांना भिडलं होतं. पण मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं टोकाला पार घासलेली होती, आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की ती बोटं दाबणारं) हाताने फिरवलं तर खरखर वाजत होतं. दोन वर्षांची वस्तू अशी नसते. भाच्याने निमूटपणे दाखवलं : मागच्या वेळी फक्त मधली प्लेट बदलली होती. प्रेशर प्लेट आणि बेअरिंग जुनंच ठेवून बिल तिन्हींचं लावलं होतं. सेट म्हणजे या तीन वस्तू, एवढंसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर काढलेले तीन जुने भाग समोर ठेवा, एवढं तरी मी म्हटलं असतं.

या वेळी तिन्ही वस्तू नव्या आणल्या. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सीलही बदललं. तिथून तेल झिरपलं तर नवी प्लेटही घसरते, आणि त्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. फ्लायव्हीलवरची (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावरची) काळी धूळ भाचा फुंकणार होता, मी त्याला अडवलं. अशा धुळीत अस्बेस्टॉस असू शकतं. आपल्या देशात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही आणि फुप्फुसात गेलेले त्याचे धागे बाहेर पडत नाहीत. मास्क लावून ओल्या फडक्यानेच पुसायची. हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तो रोज हवेच्या पाइपने ती उडवत होता.

गिअरबॉक्स चढवताना खरी परीक्षा झाली. तो बोटभर फट ठेवून अडला. तासभर हलवलं, फिरवलं, बसेना. भाचा म्हणाला, बोल्ट लावून आवळत आणू, गॅरेजमध्ये असंच करतात. मी जुन्या बाजारातून मिळवलेल्या इंग्रजी मॅन्युअलची झेरॉक्स घेऊन बसले होते. त्यात नेमका यालाच विरोध होता. बोल्टने ओढलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा गिअरबॉक्सच्या कवचाचा कान तुटतो. मी ती ओळ त्याला मराठीत सांगितली. मग गिअरबॉक्स पुन्हा उतरवला आणि प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट ढिले केले. भंगारातून आणलेला जुना इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून क्लचमध्ये शिरणारा दांडा) आत घालून प्लेट बरोबर मध्यावर धरली आणि समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळले. शाफ्टच्या दात्यांना बोटाने पुसट ग्रीस लावलं. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं. यानंतर गिअरबॉक्स चढवला तर तो जोर न लावता जागेवर बसला.

माझं म्हणणं या प्रसंगातच आहे. भाच्याचा हात माझ्यापेक्षा शंभर पटींनी तयार आहे. त्याला ती ओळ वाचता आली नाही एवढंच. आयटीआयत तो मराठीतून शिकला, गॅरेजमध्ये उस्तादाचं बघून शिकला. पण कोणता बोल्ट किती टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळायचा, रिव्हेट किती खोल असेपर्यंत प्लेट चालते, रिलीज बेअरिंग पेट्रोलने का धुवायचं नाही (आतलं ग्रीस निघून जातं), हे सगळं इंग्रजीत. मराठीत काही मिळतंय का म्हणून आम्ही दोघांनी खूप शोधलं. हाती काही लागलं नाही.

बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने न देणं, हा आक्षेप होता. पुढे अपिलं झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनंही होती. या सगळ्यात भाषेचा मुद्दा मला कुठे वाचायला मिळाला नाही. नवीन गाड्यांत तर भाचा आणखी अडणार आहे. आपोआप गिअर बदलणाऱ्या एएमटी गाडीत क्लच बदलल्यावर संगणकाला नवा क्लच ओळखायला लावावं लागतं, ते जुना शाफ्ट घालून जमत नाही.

प्रत्येकाने घरी क्लच बदलावा असं मी म्हणत नाही. हे काम जड आहे, धोक्याचं आहे, जाणता माणूस सोबत नसेल तर करूच नये. माझी मागणी एवढीच आहे : महाराष्ट्रात गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी आपली दुरुस्तीची पुस्तकं मराठीत, कुणालाही वाचता येतील अशी द्यावीत, आणि राज्याच्या परिवहन विभागाने त्यासाठी त्यांच्याकडे आग्रह धरावा. तोवर आम्ही दोघांनी क्लचपुरतं चाळीस पानी वहीत लिहून काढलं आहे. भाच्याच्या गॅरेजमधली तीन मुलं तिच्या झेरॉक्स घेऊन गेली आहेत. ब्रेकचं प्रकरण सध्या लिहितो आहोत.

आपली,
एक शिक्षिका, वाई (जि. सातारा)