डॉक्टरचा धडा कितवा?

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. दिवाळीतला तुझा फोन उचलला नाही आणि नंतर भट्टीवर होतो म्हणून कळवलं, तेही खोटं. परप्रांतीय कामगारांनी मराठी शिकावी की नाही, यावरून रंकाळ्यावर झालेल्या भांडणाचा राग होता. शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तब्येत बरी. शुगर थोडी वर, आईचा गुडघा आहे तसाच.

गेल्या मंगळवारी जे झालं ते इथं कुणाला सांगून उपयोग नाही. घरात सांगितलं तर ही म्हणाली, "मग त्यात एवढं काय?"

शिरोलीला आपल्या फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) ओडिशाचा एक गडी आहे. तीन वर्षं झाली, कामाला वाघ. बायकोच्या मानेला गाठ आली म्हणून त्यानं अर्धा दिवस सुट्टी मागितली. कास्टिंगची गाडी निघायची होती, मी दिली नाही. म्हटलं, मीच नेतो तिला माझ्या गाडीतून. मोठ्या मनाचा मालक ना मी! बरोबर त्यांचा पोरगा. नऊ वर्षांचा, महापालिकेच्या शाळेत तिसरीला, आणि बोलणं तुझ्या-माझ्यापेक्षा कडक कोल्हापुरी.

डॉक्टर आधी मराठीत बोलला, मग आपल्या इकडच्या हिंदीत. "घाबरने का नहीं, सुई डालके तपासना पडेगा." ती बाई फरशीकडं बघत बसलेली. तिला हिंदीही धड येत नाही. मग डॉक्टर पोराकडं वळला आणि चांगली दोन मिनिटं समजावत राहिला. गाठ साधी असेल, टीबीची असेल, आणखी कशाचीही असेल. टीबी निघाला तर सहा महिने औषध, मध्ये सोडायचं नाही. पण आधी तपासणी, आणि उशीर नको. पोरानं मान डोलवत सगळं ऐकलं आणि आईकडं वळून एकच छोटं वाक्य बोलला. ती हसली.

बाहेर आल्यावर त्यानं डॉक्टरच्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि चड्डीच्या खिशात कोंबल्या.

"काय सांगितलंस रे आईला?"

"गोळ्या दिल्यात म्हटलं."

"आणि गाठीचं?"

"नाही सांगितलं. ती रडती ओ काका. पप्पा नसला की लई रडती."

मी गाडीची किल्ली हातात घेऊन नुसता उभा. तेव्हा तुझा ओंकार आठवला. तिकडं जर्मनीतल्या शाळेत बाई अर्धा तास बोलल्या आणि पोरानं वहिनीला "सगळं छान" एवढंच सांगितलं. फोनवर आपण किती हसलो होतो! तू मात्र मधेच गप्प झाला होतास. ते मला आत्ता कळलं.

संध्याकाळी गड्याला बाजूला घेऊन माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तपासणी झाली, रिपोर्ट येत्या शुक्रवारी. तो मान हलवून परत ग्राइंडरवर गेला.

आता भांडणाचं. माझं मत बदललं असं समजू नकोस. जिथं भाकरी मिळते तिथली भाषा माणसानं शिकावी, हे मी आजही म्हणतो. त्या रात्री भेळ गार होईपर्यंत (भेळ गार होत नाही म्हणालास, तेही आठवतंय) मी तुला तुझ्याच जर्मनीचे दाखले देत होतो. नागरिकत्व पाहिजे तर बी-वनपर्यंत (म्हणजे रोजचं नीट बोलता येईल एवढं) जर्मन, वर ३३ प्रश्नांची परीक्षा, त्यातले १७ बरोबर पाहिजेत. बघ, कसे ठणकावून मागतात! तू म्हणालास, मागतात तसे देतातही. ६०० तास भाषेचे, १०० तास कायदा-इतिहासाचे, वर्ग सरकार लावतं. आणि म्हणालास, तुझा गडी परदेशी नाही, देशात कुठंही राहायचा हक्क त्याला घटनेनं दिलाय. मी म्हटलं, वकिली करू नकोस. तू उठून गेलास. बिल मी दिलं, ते अजून येणं आहे.

पण ६०० तासांचा हिशेब मग मी वहीत मांडला. रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे शंभर आठवडे. जवळजवळ दोन वर्षं. तो तास आणायचा कुठून? बारा तासांची पाळी, मग खोलीवर भात. तास माझ्याच हातात आहे आणि मीच "मराठी शिका" म्हणून भिंतीवर पाटी लावून मोकळा झालोय. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मोफतही केलं. शाळेत असताना आपण 'सक्तीचे व मोफत' एका दमात म्हणायचो. मी त्यातलं अर्धंच उचललं.

आणि माझी आजी! कर्नाटकातल्या संकेश्वरची. साठ वर्षं मंगळवार पेठेत काढली, भांडणं मराठीत, ओव्या मराठीत, पण पैसे मोजायची ओंदु, एरडु, मूरु करतच. तिला कुणी पाटी दाखवली नव्हती. चूल, नळ, शेजारणी, सगळा दिवस मराठीतच जायचा. उलट त्याच संकेश्वरात तू कन्नडमध्ये चहा मागितलास म्हणून मी हॉटेलाबाहेर दगडावर बसलो होतो. बाराशे शिव्या दे.

तर गुरुवारपासून पॅकिंगच्या खोलीत वर्ग लावला. पाळीतलाच अर्धा तास, पगार न कापता. आमच्या सुपरवायझरनं 'क कमळाचा'पासून सुरू केलं. सहा जण आले, त्यातला एक झोपला. फेटलिंगवाल्याला कमळ घेऊन काय करायचंय? त्याला 'सरक', 'लेडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) आली', 'चटका बसला' पाहिजे. आणि ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, ती कारखान्यात येतच नाही! दिवसभर दहा बाय दहाच्या खोलीत. तुझं ब्लू कार्ड (शिकलेल्या कामगारांचा तिथला परवाना) म्हणून वहिनीला व्हिसासाठी जर्मनची अट नव्हती, तेव्हा सुटलो म्हणाला होतास. एरवी नवऱ्यामागं जाणाऱ्या बायकांना साधारण ए-वन (भाषेची पहिली पायरी) करूनच यावं लागतं ना? आता वाटतं, ती सूट वहिनीलाच महागात पडली. वाईट मानू नकोस.

तुझं घराचं काय झालं? बर्फात ती मोडकी स्कूटर चालवू नकोस. ओंकारला सांग, काका पुढच्या खेपेला गूळ पाठवतो.

आणि एक काम कर. वहिनी आता वर्गाला जाते म्हणालास, तर त्यांच्या पुस्तकाचे फोटो पाठव. जर्मन कळणार नाही, नुसती चित्रं आणि क्रम बघतो. त्यात डॉक्टरचा धडा कितवा असतो, तेवढं मात्र शुक्रवारच्या आत कळव.

तुझाच,
दिन्या