विषय: तुमच्या ‘श्वास घेणाऱ्या’ गिलाव्याने मातीच्या भिंतींचा श्वास कोंडल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

चुन्याच्या गिलाव्याचे काम भिंतीतल्या वाफेला वाट देणे, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच गोणीवर ते अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापले आहे. तेव्हा सरळ मुद्दा.

द्राक्षमळ्यातल्या सहा खोल्यांच्या अतिथिगृहाच्या आणि त्याला लागून असलेल्या वाइनच्या खोलीच्या भिंती दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या आहेत. जाडी २४० मिमी, विटेत सिमेंट ७ टक्के. दगडी जोते ४५० मिमी उंच, त्यावर ओल अडवणारा थर. छपराची वळचण भिंतीपासून ९०० मिमी बाहेर. हे सगळे आधीच लिहिले, कारण तुमची माणसे दर वेळी पाया, पाऊस आणि छप्पर याच क्रमाने बोट दाखवतात. तिन्हीकडे तपासून झाले आहे. कोरडे आहे.

या भिंतींवरच्या तुमच्या गिलाव्याला फुगवटे आले ते वाइनच्या खोलीत आतून, जमिनीपासून ३०० ते ६०० मिमीच्या पट्ट्यात, आणि न्हाणीघरांच्या भिंतींवर. बोटाने ठोकले की बद्द आवाज येतो. एक पोपडा अलगद काढला तर त्याच्या पाठीला चार-पाच मिमी माती चिकटून आली. म्हणजे गिलावा विटेपासून सुटलेला नाही, त्याने विटेचा चेहराच ओरबाडून नेला आहे. मागच्या विटेत नख रुतते.

कारण तुम्हाला माहीत असणारच, तरी लिहितो. वाइनची खोली १४ अंशांवर ठेवतात. बाहेर उकाडा आणि दमट हवा असली की वाफ उबेकडून गारव्याकडे, म्हणजे भिंतीतून आत सरकते. खरा चुना तिला वाट देतो. तुमचा गिलावा देत नाही, म्हणून ती त्याच्या मागे थंड होऊन पाणी बनते आणि माती मऊ पडते. मऊ विटेवर ताठ कवच, दुसरे काय होणार?

तो पोपडा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला. (वाइनच्या मुलखात व्हिनेगरची ददात नसते.) चुना फसफसून गेला. तळाशी वाळू आणि राखाडी गाळ उरला, वर रबरासारखा पापुद्रा तरंगला. पापुद्रा काडीच्या ज्योतीवर धरला तर जळक्या प्लास्टिकचा वास आला. गोणीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक चुना’ असे लिहिले आहे. कोणत्या खाणीतून निघतो हा चुना?

काम तुमच्याच प्रशिक्षित गवंड्यांनी केले. वीस मिमीचा थर एकाच हातात. चुन्यात एका हाताला १० मिमीच्या वर जात नाहीत, दोन हातांमध्ये आठवडा-दहा दिवस सोडतात आणि ओली गोणपाटे टांगतात, कारण चुना नुसता वाळून पक्का होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो, तोही सावकाश. इथे एकही गोणपाट दिसले नाही. चार दिवसांत काम आटोपले आणि दुसऱ्याच दिवशी भिंत दगडासारखी टणक झाली. तेव्हाच शंका यायला हवी होती, ही चूक आमची.

आता मंगळवारचा फोन. हा संवाद जसाच्या तसा देतो, कारण तुमच्याकडे म्हणे ‘प्रशिक्षणासाठी’ ध्वनिमुद्रण होते.

“सर, भिंतीवर पाणी मारून बघितलं का?”
बघितले. थेंब मोत्यासारखा उभा राहतो, शोषला जात नाही.
“म्हणजे वॉटरप्रूफ झालंय! चांगलंच आहे ना, सर.”
चुन्यावर थेंब शोषला जायला हवा, नेमकी तीच तक्रार आहे, असे सांगितले. मिनिटभर बासरी वाजली.
“सर, वरिष्ठांशी बोललो. वरून आमचा सिलिकॉन कोट मारा, दोन हात.”
आत अडकलेले पाणी मग कुठून जाणार?
पुन्हा बासरी. मग अगदी कळवळून: “पण सर, भिंत मातीची का बांधली?”

तुमच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मातीची भिंत आहे. पान चारवर ‘मातीच्या बांधकामासाठी खास’ असे आहे. त्या मुलाचा राग नाही, त्याला पुस्तिकाच कुणी दिली नसावी. फोन ठेवताच तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाली आणि पाचपैकी किती तारे देणार, असे विचारणारा संदेश आला.

त्याआधी येऊन गेलेल्या तुमच्या तंत्रज्ञाने द्राक्षांवरच्या बोर्डो फवारणीला दोष दिला होता. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. त्याने चुन्याच्या भिंतीवर निळसर डाग पडेल, फुगवटा येणार नाही. शिवाय बंद दाराआड, वाइनच्या खोलीत, फवारणी कोण करते?

मागण्या तीन. वाफ किती अडते याचा चाचणी अहवाल आणि गोणीतल्या घटकांची खरी यादी सात दिवसांत द्या. हा गिलावा तुमच्या खर्चाने उतरवा, मात्र हातोडी-छिन्नीने, वरून खाली. ब्रेकर लावला तर विटाही येतील. भिंती पूर्ण सुकल्यावर, आतपर्यंत ओल मोजून, विरवून मुरवलेल्या चुन्याचा, पॉलिमर (त्या पापुद्र्यासारखे प्लास्टिक) नसलेला गिलावा करा, हातांमध्ये अंतर ठेवून. सुकायला महिने लागतील, तेवढे दिवस खोल्या बंद राहणार, आणि त्यात द्राक्षतोडणीचा हंगाम आला तर त्याची भरपाईही तुमचीच.

वॉटरप्रूफ झाले म्हणून अभिनंदन पुन्हा ऐकायचे नाही. सीलबंद नमुना प्रयोगशाळेत गेला आहे; अहवाल आला की तो, गोणीचे छायाचित्र आणि मंगळवारचा संवाद तिन्ही ग्राहक न्यायालयात एकत्र जातील. तुमचा गिलावा निवडला तो सिमेंटचा गिलावा टाळायचा म्हणून. स्वस्त होता म्हणून नव्हे, नव्हताच तो.

एक ग्राहक

ता. क. सोबत एक पोपडा पाठवला आहे. पुढची बाजू तुमची, मागची माती आमच्या भिंतीची. तपासून झाला की परत करा.