मोक्ष राहून गेला, असं म्हणू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "गुडघे गेले, वारी सुटली, काशी झालीच नाही. देवाकडचं आपलं खातं कोरंच राहिलं." मागून आई म्हणाली, "माझा तर जन्म चुलीपुढंच गेला." तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. फोनवर उरकण्याचा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, तुम्ही आम्हाला लहानपणी 'हेचि दान देगा देवा' पाठ करून घेतलंत. त्यात तुकोबा काय मागतात ते पुन्हा एकदा बघा. 'न लगे मुक्ति धन संपदा, संतसंग देई सदा.' मुक्ती आणि पैसाअडका त्यांनी एकाच ओळीत घेतलाय आणि दोन्हीला नको म्हटलंय. पुढं तर 'तुका म्हणे गर्भवासी, सुखें घालावें आम्हांसी.' जन्ममरणाचा फेरा चुकावा म्हणून लोक जन्मभर धडपडतात आणि हा देहूचा वाणी सांगतो, खुशाल पुन्हा जन्माला घाल, फक्त तुझा विसर पडू देऊ नकोस. हे सुखवस्तू माणसाचं बोलणं नव्हे. 1630 च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. एवढं भोगूनही त्यांना इथंच परत यावंसं वाटतं, याचं मला फार नवल वाटतं. आणि धीरही येतो.

माउलींनी पसायदानात सगळ्या प्राणिमात्रांसाठी मागितलं, स्वतःच्या मोक्षाचा तिथं शब्दही नाही. हरिपाठात तर देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं की चारी मुक्ती साधल्या, असं म्हणून ते मोकळे झाले.

पण तुमच्यासाठी मला सगळ्यात जवळचे वाटतात ते सावता महाराज. अरण आपल्यापासून काही लांब नाही. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' म्हणणारा हा माणूस मळा सोडून पंढरीला गेला नाही, असं आपल्याकडं सांगतात. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांच्या भेटीला मात्र वद्य पक्षात पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. 1295 साली त्यांनी देह ठेवला, तरी ही रीत अजून चालू आहे. खातं कोरं राहिलं असं म्हणताना याचा विचार करा ना, बाबा. रात्रीच्या लाईटला तुम्ही बॅटरी घेऊन ज्वारीला पाणी द्यायला जायचा. खाली शेजारच्यांच्या वाफ्याला पाणी पोचलं नसेल, तर आपली बारी संपायच्या आधीच दारं मोडून पाणी तिकडं वळवून द्यायचा. वर अभंग गुणगुणायचा. ज्ञानेश्वरीत स्वकर्माच्या फुलांनी केलेल्या पूजेची ओवी आहे, ती वाचताना मला आपल्या बांधावरचा चिखल आणि तुमच्या गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या विजारीच दिसतात.

आई, आता तुझं. आजी अंथरुणाला खिळल्यावर तू दर दोन तासांनी उठून तिची कूस बदलायचीस. पाठीला खोबरेल लावून, चादरीची एकही चुणी राहू नये म्हणून हातानं ओढून ओढून सारखी करायचीस. शेवटपर्यंत आजीच्या पाठीला जखम झाली नाही. त्या काळात तुझी पोथी राहिली, सोमवार राहिले, आणि तू ते अजून मनाला लावून घेतेस. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी दासी. 'दळिता कांडिता, तुज गाईन अनंता' हे ती जात्यावर बसूनच म्हणाली. तिला कुणी आधी काम आटपून ये म्हटलं नाही. तुला तरी कोण म्हणेल?

बाबांचा खरा प्रश्न मला कळतोय. काम हीच पूजा असेल, तर हातपाय थकल्यावर काय? आता जगायचं कशासाठी? मला वाटतं, त्याचंही उत्तर त्याच अभंगात आहे. तुकोबांनी काम मागितलं नाही, ताकद मागितली नाही. 'गुण गाईन आवडी' म्हटलं आणि माणसांची संगत मागितली. त्याला गुडघे लागत नाहीत. तुमचा आवाज अजून खणखणीत आहे. तुमच्या नातवाला हरिपाठाची चाल येत नाही, मला शिकवता येत नाही. रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल लावते, तुम्ही दोघं म्हणा, तो मागून म्हणेल.

आणि एक स्पष्टच सांगते. पैसे भरून मोक्षाची खात्री देणारं ते अनुष्ठान करू नका. भिऊन केलेल्या गोष्टीत देव असतो, असं मला अजिबात वाटत नाही. तेच पैसे आईच्या मोतीबिंदूसाठी ठेवा. तारीख मी घेतेय.

आषाढ वद्यात मी गाडी घेऊन येते. चतुर्दशीला सावतोबांची पुण्यतिथी असते, गर्दी फार होईल, म्हणून एक-दोन दिवस आधीच अरणला जाऊन येऊ. बाबा, गुडघ्याचा पट्टा आणि काठी बरोबर घ्या, ऐनवेळी नको म्हणू नका. माझं काही पटलं नसेल तर तसं कळवा, मी वाद घालायला तयार आहे.

तुमची,
थोरली